बंद घराचे नळ आणि सेप्टिक टाकी

कोकणातील आपल्या समाजाची बरीचशी कुटुंबे दोन घरांत विभागलेली आहेत. कमावते घर मुंबईत, पुण्यात किंवा थेट कुवेत-दोह्याकडे, आणि वडिलोपार्जित घर गावी. हे गावचे घर वर्षातले दहा-अकरा महिने कुलूपबंद असते. मे महिन्यात, ईदला किंवा एखाद्या शादीच्या निमित्ताने ते उघडते आणि पाच माणसांसाठी बांधलेल्या घरात पंचवीस माणसे उतरतात. कौले, रंग, लाकडाची वाळवी यांकडे आपले लक्ष असते. कारण ती दिसतात. जमिनीखालून जाणारे पाईप आणि मागीलदारी पुरलेली सेप्टिक टाकी मात्र तोंडाशी आल्याखेरीज कोणालाच आठवत नाही.

आमच्याच घराचा अनुभव सांगतो. दापोली तालुक्यातल्या आमच्या घरी काही वर्षांपूर्वी मे महिन्यात भाचीची शादी होती. दोन दिवस चाळीस पाहुणे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी संडासातले पाणी खाली जाण्याऐवजी वर येऊ लागले आणि नहाणीच्या जाळीतून काळे पाणी बाहेर पडले. तालुक्याचा उपसा टँकर दोन दिवसांनी येईल असे कळले. तेवढ्यात ओळखीचा एक गवंडी म्हणाला, "भाईजान, टँकरची वाट कशाला बघता? झाकण काढून द्या, मी उतरतो. तासाभराचं काम आहे." घरात पाहुणे, अंगणात मंडप, आम्ही होकार देण्याच्या बेतात होतो. आमचे एक चाचा उमेदीची तीस वर्षे जहाजावर सारंग होते. ते तिथेच बसले होते. त्यांनी साफ नकार दिला. "बंद टाकीतली हवा तपासल्याशिवाय जहाजावर कोणी माणूस उतरवत नाही. तो मेला तर त्याला काढायला तू उतरशील, आणि मग तुला काढायला तुझा भाऊ." पाहुण्यांची सोय शेजारच्या दोन घरांत केली आणि टँकरची वाट पाहिली. हा लेख त्या दोन दिवसांतून निघाला आहे.

आधी आपल्याकडे काय आहे ते पाहा

गावात कोणालाही विचारले तर "आमच्याकडे सेप्टिक आहे" असेच उत्तर मिळते. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी ती टाकी नसून जांभ्याचे चिरे कोरडे रचलेला एकच खोल खड्डा असतो. त्यातले पाणी सरळ जमिनीत मुरते. खरी सेप्टिक टाकी तळाला आणि भिंतींना आतून सिमेंटचा गिलावा केलेली, पाणी न झिरपणारी असते. तिच्यातून बाहेर पडणारे पाणी पुढे वेगळ्या शोषखड्ड्यात जाते. या दोहोंची देखभाल वेगळी आहे, म्हणून बांधणाऱ्या गवंड्याला, शेजाऱ्याला, घरातल्या जुन्या माणसाला विचारून एकदाच एक साधा नकाशा काढून ठेवावा. टाकी कुठे, झाकणे किती, चेंबर कुठे, शोषखड्डा विहिरीपासून किती पावलांवर, हे सगळे त्यात यावे. आमच्या घरी हा नकाशा कोणाकडेच नव्हता. टाकीच्या झाकणावर तुळईएवढ्या जाडीची फरशी घालून तिच्यावर पाट्या-वरवंटा ठेवलेला होता. झाकण शोधण्यातच अर्धा दिवस गेला.

टाकीचे काम समजायला सोपे आहे. संडासातले पाणी आत आल्यावर संथ व्हावे एवढाच तिचा हेतू. संथ झाले की जड मैला तळाशी बसतो, तेलकट आणि हलके पदार्थ वर येऊन साय धरतात आणि मधल्या थरातले त्यातल्या त्यात निवळ पाणी पुढे जाते. हवेशिवाय जगणारे जंतू तळातला गाळ हळूहळू कुजवतात. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या दोन्ही तोंडांना इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचा पाईप लावलेला असतो. त्यामुळे येणारे पाणी सायीवर आदळत नाही आणि जाणारे पाणी वरची साय न घेता मधल्या थरातले घेते. आमच्या टाकीत बाहेरच्या तोंडाला हा टी नव्हताच. दहा वर्षे साय शोषखड्ड्यात जात राहिली आणि खड्ड्याच्या भिंतींवर चिकटून तिने त्याची छिद्रे बुजवली. शंभर-दोनशे रुपयांच्या वस्तूपायी नवा शोषखड्डा खणावा लागला.

आता थोडा हिशेब. सेप्टिक टाकीबाबतच्या भारतीय मानकात (आय.एस. २४७०, भाग १, १९८५) पाच माणसांच्या घरासाठी लांबी १.५ मीटर, रुंदी ७५ सेंटीमीटर आणि पाण्याची खोली १ मीटर असे माप दिले आहे. वर ३० सेंटीमीटर मोकळी जागा. म्हणजे टाकीत सुमारे ११२५ लिटर पाणी मावते. शादीत चाळीस माणसे होती. प्रत्येकाने दिवसातून चार वेळा १० लिटरची फ्लश टाकी ओढली असे धरले तर १६०० लिटर झाले. टाकी निम्मी गाळाने भरलेली असेल तर पाण्याला जागा उरते जेमतेम साडेपाचशे लिटरची, आणि पाणी आत आठ-नऊ तासच टिकते. टाकीने काम करायचे तर पाणी साधारण दिवसभर तरी आत थांबले पाहिजे. तेव्हा मोठ्या कार्यापूर्वी टाकी उपसून घ्यावी, आणि कार्याच्या दिवसांत फ्लश टाक्या बंद ठेवून बादली आणि तांब्या ठेवावा. पाहुण्यांना यात कमीपणा वाटत नाही; पाणी उलटे आले तर मात्र सगळ्यांनाच वाटतो.

अंघोळीचे, कपड्यांचे आणि मोरीचे पाणी या टाकीत सोडू नये. ते नारळीच्या आळ्यात किंवा वेगळ्या शोषखड्ड्यात जाऊ द्यावे. आखणीच्या वेळी "एकाच पाईपात टाकू, खर्च वाचेल" असे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांचे ऐकले की टाकीतले पाणी कधी संथ होतच नाही.

गाळ मोजणे आणि उपसणे

टाकी कधी उपसायची हे अंदाजाने ठरवू नये. आठ-दहा फुटांची बांबूची काठी घ्यावी, तिच्या खालच्या चार फुटांना जुने पांढरे फडके घट्ट गुंडाळावे, झाकणातून ती सरळ तळापर्यंत सोडून तीन-चार मिनिटे ठेवावी आणि सावकाश वर काढावी. जेवढे फडके काळेकुट्ट, तेवढा गाळ. गाळ आणि साय मिळून पाण्याच्या खोलीच्या निम्म्यावर आले की उपसा करावा. नेहमी राबत्या घरात साधारण दोन-तीन वर्षांनी ही वेळ येते. बंद घरात उशिरा येते, पण येतेच. झाकण उघडताना तोंड वाऱ्याच्या दिशेला ठेवून बाजूला उभे राहावे, वाकून आत पाहू नये, आसपास विडी-काडी पेटवू नये. टाकीत मिथेन हा जळणारा वायू असतो.

उपसा पावसाळा संपल्यावर, दिवाळीपासून मार्चपर्यंत करावा. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जुलैत जमिनीखालचे पाणी वर आलेले असते. त्या दिवसांत रिकामी केलेली हलकी फायबरची टाकी जमिनीतून वर उचलली जाते आणि बांधीव टाकीच्या भिंतींना तडे जाऊ शकतात. उपसताना तळाशी थोडा गाळ राहू द्यावा, नव्या मैल्याला त्यातून विरजण मिळते. टाकीत गूळ, यीस्ट किंवा बाजारात मिळणाऱ्या भुकट्या टाकण्याची गरज नाही. जंतू मैल्यातूनच येतात. उलट बाटलीभर फिनेल आणि ॲसिड ओतून आपणच त्यांना मारतो. संडास घासायला साबण आणि ब्रश पुरतो. ॲसिडने भांड्याची चमकही जाते.

आता त्या गवंड्याच्या तासाभराच्या कामाकडे येऊ. टाकीत हायड्रोजन सल्फाईड साचतो. थोडा असला की सडक्या अंड्यासारखा वास येतो, म्हणून लोक वासावर भरवसा ठेवतात. पण प्रमाण वाढले की तो वायू नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो. वास गेला म्हणजे हवा स्वच्छ झाली असे समजून माणूस उतरतो आणि काही क्षणांत कोसळतो. कंदील सोडून पाहण्याची जुनी रीतही खोटी आहे. कंदील विषारी वायू दाखवत नाही आणि मिथेन असेल तर भडका उडतो. ही भीती जुन्या टाकीपुरतीच नाही. नव्या, एकदाही न वापरलेल्या टाकीचे सेंट्रिंग काढायला उतरलेले मजूर गुदमरून मेल्याच्या घटना आपल्या देशात वारंवार घडल्या आहेत. बंद जागेत ओल्या फळ्या कुजून हवेतला प्राणवायू संपलेला असतो. एक कोसळला की दुसरा त्याला काढायला उतरतो, मग तिसरा. चाचांनी सांगितलेले अक्षरशः खरे आहे. कोणी पडलाच तर आत उतरू नये; ११२ ला फोन करावा, सर्व झाकणे उघडावीत आणि पंखा किंवा ब्लोअरने बाहेरून हवा सोडावी.

कायदाही स्पष्ट आहे. २०१३ च्या हाताने मैला उचलण्यास प्रतिबंध करणाऱ्या अधिनियमाने पुरेशी संरक्षक साधने आणि सुरक्षेची व्यवस्था न देता माणसाकडून सेप्टिक टाकी हाताने साफ करून घेणे हा गुन्हा ठरवला. पहिल्या गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हे कलम फक्त नगरपालिकेला लागू आहे असा समज आहे, तो चुकीचा. "कोणतीही व्यक्ती" असे शब्द आहेत, म्हणजे घरमालकही आला. गटार आणि टाकी साफ करताना मेलेल्याच्या वारसांना दहा लाख रुपये द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली. "तो स्वतःच तयार होता" ही सबब कामी येत नाही. दोन हजार रुपयांसाठी कोण तयार होतो, हे आपल्याला ठाऊक आहे.

टाकीवरची स्लॅबही तपासावी. टाकीतला वायू ओलाव्याशी मिळून स्लॅबच्या आतल्या बाजूस आम्ल तयार करतो. सिमेंट भुसभुशीत होते, सळई गंजते, वरून मात्र फरशी ठणठणीत दिसते. मे महिन्यात मुंबईहून आलेल्या गाड्या अंगणात नेमक्या याच जागी लावल्या जातात आणि मुले तिथेच खेळतात. हातोडीने ठोकून पाहावे. पोकळ, बद्द आवाज आला तर ती जागा कुंपण घालून बंद करावी आणि नवी स्लॅब टाकावी.

विहीर

जांभा दगड सच्छिद्र असतो. त्यातून पाणी झपाट्याने मुरते, हे शेतीला चांगले आणि शोषखड्ड्याशेजारच्या विहिरीला वाईट. मानकाप्रमाणे शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून निदान १८ मीटर आणि राहत्या घरापासून ६ मीटर दूर हवा. जांभ्यात आणि उतारावर एवढ्याने भागेलच असे नाही. शोषखड्डा विहिरीच्या वरच्या अंगाला असता कामा नये. वाडीत भावाभावांच्या वाटण्या झाल्या की एकाचा शोषखड्डा दुसऱ्याच्या विहिरीला टेकतो. यावरून भांडणे होण्याआधी मोजपट्टी धरलेली बरी.

घर उघडल्यावर पहिल्या दिवशी विहिरीत टीसीएल पावडर टाकावी. चांगल्या प्रतीची पावडर १००० लिटरला अडीच ग्रॅम हे प्रमाण आहे. विहिरीचा व्यास ३ मीटर आणि पाणी २ मीटर खोल असेल तर पाणी सुमारे १४ हजार लिटर, म्हणजे पावडर ३५ ग्रॅम. ती बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन वरचे पाणी बादलीने विहिरीत हलवून मिसळावे आणि तासभर पाणी काढू नये. पावडर जुनी किंवा उघडी राहिलेली असेल तर तिचा जोर गेलेला असतो. पाणी ग्रामपंचायतीमार्फत तपासूनही घेता येते.

नळ आणि पाईप

बंद घरात वापराने झीज होत नाही, वापर नसल्याने होते. नळातले रबरी वायसर सुकून कडक होतात, बॉल कॉक अडकतो, सबमर्सिबल पंप महिनोन्महिने न फिरता जाम होतो, जेट पंपाच्या फूट व्हॉल्व्हमधून पाणी उतरून पंप हवा ओढू लागतो. पंप महिन्यातून एकदा दहा मिनिटे चालवला तर यांतले बरेचसे टळते. जुने जीआय पाईप खारी हवा आणि कोकणातले किंचित आंबट पाणी यांमुळे आतून गंजतात; तांबडे पाणी आले की ओळखावे. ते बदलताना सीपीव्हीसी किंवा यूपीव्हीसी घालावे, पण उन्हात उघडे ठेवू नये, रंग द्यावा किंवा झाकावे.

सर्वांत जास्त तक्रार असते वासाची. "टाकी फुटली असावी" असे समजून लोक खणायला लागतात. बहुतेक वेळा दोष नहाणीच्या ट्रॅपचा असतो. ट्रॅपमधले चार बोटे पाणी गॅस आणि झुरळे अडवते. घर बंद राहिले की ते आटते आणि वाट मोकळी होते. निघताना प्रत्येक जाळीत, बेसिनमध्ये आणि संडासाच्या भांड्यात पाणी भरून वर चमचाभर खोबरेल ओतावे. तेलाचा पापुद्रा पाणी आटू देत नाही. टाकीच्या उंच नळीच्या तोंडाला बारीक जाळी बांधावी, नाहीतर डास तिथून निपजतात.

फ्लश टाकी गळते की नाही हे पाहायला तिच्यात चिमूटभर हळद टाकावी. न ओढता वीस मिनिटांत भांड्यात पिवळे पाणी दिसले तर वायसर गेला. हे पाणी वाया जातेच, शिवाय रात्रंदिवस सेप्टिक टाकीत जाऊन तिथला संथपणा मोडते.

यात धंदा आहे

ही सगळी कामे कोणी करायची? मालक दोह्यात, चावी शेजारी, आणि प्लंबर बोलावला की तो सांगेल ती रक्कम. आमच्या मते गावातल्या एखाद्या होतकरू तरुणाने हाच ठेका घ्यावा. आयटीआयमध्ये प्लंबरचा एक वर्षाचा ट्रेड आहे. तो करून, पान्हे, थ्रेडिंगचे डाय आणि एक दुचाकी घेऊन तीस बंद घरांची मासिक फेरी बांधता येते. दर फेरीला घरामागे तीनशे रुपये मानले तरी महिन्याला नऊ हजारांची खात्रीची मिळकत झाली. दुरुस्ती आणि सामानाचे वेगळे. फेरीत पंप चालवणे, ट्रॅपमध्ये पाणी ओतणे, वरची टाकी आणि झाकण पाहणे आणि मोबाईलवर मालकाला फोटो पाठवणे, एवढेच. लेखी करार करावा, दर आधी ठरवावा, पैसे तीन महिन्यांचे आगाऊ घ्यावेत. नातेवाईक म्हणून फुकट काम करू लागला की हा धंदा पहिल्याच पावसाळ्यात बुडतो.

उपशाचा टँकर हा यापुढचा टप्पा, आणि भांडवल अर्थातच मोठे. वाई आणि सिन्नर या नगरपरिषदांनी २०१८-१९ च्या सुमारास शहरातल्या सर्व टाक्या तीन वर्षांच्या चक्राने ठेकेदारामार्फत उपसण्याची पद्धत सुरू केली. लोकांनी तक्रार करेपर्यंत थांबायचे नाही, पाळी आली की टँकर दारात. दोन-चार गावांच्या ग्रामपंचायती एकत्र आल्या तर कोकणातही असा ठेका बांधता येईल. मात्र टँकर मैला कुठे ओततो हे विचारून घ्यावे. रात्री खाडीत ओतणारा टँकर स्वस्त पडतो, आणि त्याच खाडीतली मासळी आपण सकाळी विकत घेतो. शिवाय आपल्या वाड्यांना पाखाडीच्या पायऱ्या असतात. टँकरच्या नळीची लांबी आणि रस्त्यापासून टाकीचे अंतर आधी मोजून ठेवावे. आमच्याकडे टँकर आला तेव्हा नळी वीस फूट कमी पडली होती आणि शेजारच्या गावातून जोडनळी आणेपर्यंत दुपार झाली.

घर बंद करून निघताना क्रम असा ठेवतो. वरच्या टाकीचा मुख्य व्हॉल्व्ह बंद, नळ उघडून पाईपातले पाणी सोडायचे, वरची टाकी रिकामी करून झाकण तारेने बांधायचे, पंपाचा फ्यूज काढायचा, ट्रॅपमध्ये पाणी आणि खोबरेल. टाकी कधी उपसली, पंप कोणत्या मेकचा, गाळ किती बोटे होता हे एका वहीत लिहून ती वही वीजमीटरच्या पेटीत ठेवतो. नकाशाची एक प्रत चावीबरोबर शेजारच्या वहिनींकडे असते.